पडद्यावरचा परलोक : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

मेलेला माणूस कोठे जातो, हा प्रश्न फार जुना आहे. त्यावर थोरामोठ्यांनी ग्रंथ लिहिले. परंतु मेलेला माणूस आपल्याशी बोलेल काय, हा प्रश्न ग्रंथातून पडत नाही. ज्या घरातून माणूस गेला त्या घराला तो पडतो. प्रस्तुत लेखात पहिल्या प्रश्नाला मी हात घालणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. दुसऱ्या प्रश्नाला "होय, बोलतो, आणि माझ्यामार्फत बोलतो" असे उत्तर देणारी काही माणसे दूरचित्रवाणीवर प्रसिद्धीस आली. त्यांची रीत तपासून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी कशी वळले ते आधी सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी अमेरिकेतील एका जुन्या कार्यक्रमाचे भाग पाहून टिपण लिहून आणायला सांगितले होते. जॉन एडवर्ड या गृहस्थांचा 'क्रॉसिंग ओव्हर' हा कार्यक्रम तेथे २००० ते २००४ या काळात चालू होता. प्रेक्षकांच्या मृत नातेवाइकांचे निरोप आपल्याला मिळतात, असे ते सांगत. एका संध्याकाळी मी मोबाइलवर ते पाहत बसले होते. शेजारी आई शेंगा फोडत होती. पडद्यावर एडवर्ड भराभर बोलत होते आणि प्रेक्षकांतील एक बाई उभी राहून डोळे पुसत होती. आईला इंग्रजी येत नाही. पण ती बाई रडते आहे हे तिने पाहिले.

"का रडतीया गं ती?"

"तिचं माणूस वारलंय. ते तिच्याशी बोलतंय, असं हा सांगतोय."

आईचा हात थांबला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग त्येला इचार की, तुझ्या आबास्नी शेवटाला पानी तरी मिळालं का."

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करीत. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. दवाखान्यात नेले तेव्हा ते स्वतःच्या पायांनी गाडीत चढले होते. त्यानंतर आम्हाला त्यांचे तोंड पाहायला मिळाले नाही. तेव्हापासून आई हा एकच प्रश्न विचारीत आली आहे. त्या संध्याकाळपासून सरांनी सांगितलेले टिपण मला केवळ गुणांपुरते राहिले नाही.

या व्यवसायाचा उगम

आत्म्यांशी बोलण्याचा हा आधुनिक प्रकार दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीचा आहे. १८४८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स कुटुंबाच्या घरी टकटक असे आवाज येऊ लागले. मॅगी आणि केट या दोन बहिणी प्रश्न विचारीत व टकटक होऊन उत्तर मिळे. खून होऊन याच घरात पुरलेल्या एका फेरीवाल्याचा हा आत्मा आहे, असे लोक मानू लागले. बघता बघता या बहिणींचे जाहीर प्रयोग सुरू झाले. त्यांचे पाहून शेकडो जणांनी हा व्यवसाय पत्करला. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, मॅगीने न्यूयॉर्क शहरातील रंगमंचावर पायाच्या बोटांचे सांधे वाजवून तोच आवाज काढून दाखविला आणि सगळी लबाडी होती अशी कबुली दिली. पुढच्या वर्षी तिने ही कबुली मागे घेतली, हेही सांगितले पाहिजे. परंतु भरल्या सभागृहाने ऐकलेला तो सांध्यांचा आवाज मागे घेता येण्यासारखा नव्हता.

दुसरी गोष्ट हॅरी हुडिनी या जगप्रसिद्ध जादूगाराची. त्याची आई १९१३ साली वारली. १९२२ साली अटलांटिक सिटी येथे सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने त्याच्या आईचा आत्मा बोलावला आणि आत्मा सांगतो आहे असे म्हणून पानेच्या पाने लिहून काढली. मजकूर इंग्रजीत होता व वर क्रुसाची खूण होती. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी होती आणि तिला इंग्रजी येत नव्हते! आत्मे बोलावणाऱ्यांचा कट्टर विरोधक म्हणून हुडिनीचे नाव घेतले जाते. पण त्या बैठकीला तो बसला होता तो आईसाठी, हे आपण विसरू नये. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी तो वारला. शक्य झाले तर ठरलेल्या खुणेच्या शब्दांनी तुझ्याशी बोलेन, असे त्याने पत्नीला सांगून ठेवले होते. तिने दहा वर्षे वाट पाहिली आणि १९३६ साली शेवटची बैठक करून तो नाद सोडला.

रीत कशी असते?

समोरच्या माणसाविषयी काहीही ठाऊक नसताना त्याच्याच तोंडून माहिती काढून ती त्यालाच परत सांगणे, या कौशल्याला 'कोल्ड रीडिंग' असे नाव आहे. एडवर्ड यांच्यासारख्यांच्या कार्यक्रमांविषयी टीकाकारांचे म्हणणे असे की तेथे आत्मा नसतो, हेच कौशल्य असते. त्याच्या पायऱ्या मी टिपून काढल्या त्या अशा :

पहिली पायरी म्हणजे जाळे लांब टाकणे. प्रेक्षकांच्या एका बाजूकडे हात करून म्हणायचे, "इकडे कोणाचे तरी वडीलधारे माणूस आले आहे, नाव 'ज'ने सुरू होते." अमेरिकेत जॉन, जेम्स, जोसेफ, जॉर्ज घरोघरी. कोणीतरी हात वर करतेच. मग "छातीपाशी काहीतरी जाणवते" असे म्हणायचे. हृदय, फुप्फुस, श्वास हे सगळे छातीत येते, आणि बहुतेक मरणे तेथवर नेऊन पोचवता येतात.

दुसरी पायरी म्हणजे कोणालाही लागू पडेल असे बोलणे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून एकेक वर्णन दिले आणि ते किती जुळते याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४ च्या वर गेली. नंतर कळले की सर्वांना एकच मजकूर दिला होता व तो फलज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला होता. सरांनी हा प्रयोग आमच्या वर्गावरही करून पाहिला. मी ५ पैकी ५ दिले होते. शेजारणीचा कागद पाहिला तेव्हा मान खाली घालावी लागली.

तिसरी पायरी चुकीची विल्हेवाट. "नाही, असे कोणी नाही" असे उत्तर आले की सांगायचे, "घरी जाऊन विचारा, नंतर उलगडेल." म्हणजे चूक सांगणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्याच्या आठवणीची!

चौथी पायरी खास दूरचित्रवाणीची. अशा कार्यक्रमाचे चित्रण लांबलचक चालते आणि त्यातून अर्धा तास निवडला जातो. काय ठेवायचे व काय कापायचे हे प्रेक्षक ठरवीत नाही.

याखेरीज माहिती आधीच मिळवून ठेवण्याचा सरळ मार्ग आहेच. पीटर पोपॉफ हे आत्मे बोलावणारे नव्हेत, प्रार्थनेने रोग बरे करणारे धर्मोपदेशक. पण सभेतल्या अनोळखी माणसांची नावे व आजार ते अचूक सांगत. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराने उघड केले की त्यांच्या कानात एक लहान यंत्र असून त्यांची पत्नी रेडिओवरून त्यांना सगळे सांगत होती. याच रँडींनी अलौकिक शक्ती रीतसर चाचणीत सिद्ध करणाऱ्यास बक्षीस लावले होते. १९६४ साली ते १,००० डॉलर होते, पुढे १० लाख डॉलर झाले. २०१५ साली आव्हान बंद होईपर्यंत ते कोणीही जिंकले नाही.

बिघडले कुठे?

येथे माझी एक मैत्रीण म्हणाली, "समजा, खोटे आहे. पण त्या बाईला बरे वाटले ना? मग बिघडले कुठे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर मला एका खऱ्या घटनेत सापडले.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरातून १६ वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली. तिच्या आईने शोध सोडला नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये ही आई माँटेल विल्यम्स यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गेली. तेथे सिल्व्हिया ब्राऊन या प्रसिद्ध बाई लोकांना परलोकातील गोष्टी सांगत असत. तुमची मुलगी जिवंत नाही, असे त्यांनी त्या आईला सांगितले. आई खचली. मार्च २००६ मध्ये ती वारली. ६ मे २०१३ रोजी ती मुलगी जिवंत बाहेर आली. त्याच शहरातील एका घरात एका माणसाने तिला दहा वर्षे डांबून ठेवले होते. ब्राऊनबाईंनी २००१ साली दूरचित्रवाणीवरच रँडींचे आव्हान स्वीकारले होते. परंतु २०१३ च्या नोव्हेंबरात त्या वारल्या तोपर्यंत चाचणीला बसल्या नाहीत.

दिलासा देणारे असो की दुखावणारे असो, न जाणता दिलेले उत्तर हे असे काम करते. अजून शोधण्यासारखे काही शिल्लक असताना ते शोध थांबवते.

आमच्या घरची तपासणी

आपल्याकडे दूरचित्रवाणीची गरज नाही. मी टिपण लिहिते आहे हे पाहून आईने मला सांगितले की, ती आदल्या वर्षी मावशीबरोबर दोन अमावास्यांना एका गावी जाऊन आली होती. तेथे एका बाईच्या अंगात येते व गेलेली माणसे तिच्या तोंडून बोलतात. प्रत्येक खेपेस नारळ आणि ५०१ रुपये.

मी आईला व मावशीला वेगवेगळे बसवून काय काय झाले ते विचारले आणि लिहून घेतले. आई म्हणाली, "तिनं आल्या आल्या नाव वळाखलं, छातीचं दुखनं वळाखलं, आन् पानी मिळालं म्हनून सांगितलं." मावशीच्या सांगण्यात मात्र आणखी पुष्कळ होते. बाई आधी "पोटाचं दुखणं" म्हणाली होती. नावात 'स' आहे म्हणाली, मग 'र' म्हणाली. तेव्हा आईनेच पुरे नाव सांगितले. आणि पाण्याचे? आईने आत शिरताच रडत रडत तेच विचारले होते. हे सारे आईसमोरच घडले. पण तिला आठवत होते ते फक्त जुळलेले. यात आई भोळी म्हणून हसण्यासारखे काही नाही. ५ पैकी ५ गुण देणारी मी तिचीच मुलगी.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. त्यांच्या खुनानंतर, २०१३ सालीच, जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे मिळविणे हा त्यानुसार गुन्हा आहे. असा कायदा हवाच होता. पण आईचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता. आणि मला एक गोष्ट खटकत होती. "पाणी मिळालं" हे उत्तर बाईने दिले होते, तर मग आई मला पुन्हा तेच का विचारीत होती? मनातून तिलाही ते पटले नसावे.

तेव्हा मी जिवंत साक्षीदार शोधायचे ठरविले. आबांनी दवाखान्यातून फोनवर सांगितले होते की शेजारच्या खाटेवर अमुक गावचे एक गवंडी आहेत. चार ठिकाणी विचारून त्यांचे घर सापडले. आई आणि मी एस.टी.ने गेलो. त्यांनी आबांना ओळखले. "दोन दिस मी सोता बाटलीच्या टोपनानं पानी पाजलंय त्यास्नी," ते म्हणाले. "तिसऱ्या दिशी त्यास्नी दुसऱ्या खोलीत हलवलं. त्येच्या म्होरचं मला ठावं न्हाई, वैनी. खोटं कशापायी सांगू?"

आई खूप रडली. त्यांच्या बायकोने चहा केला तो तिने घेतला. परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "ह्यो मानूस 'ठावं न्हाई' म्हनला बघ. ती बाई येकदाबी तसं म्हनली न्हाई."

मित्रमैत्रिणींनो, इतकी टिपणे काढून मला जे नेमके मांडता आले नव्हते ते चौथी शिकलेल्या माझ्या आईने एका वाक्यात मांडले. जाणणाऱ्याला आपल्या जाणण्याची हद्द सांगता येते. ज्याच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते, मग तो पडद्यावर असो की पाटावर, त्याच्याविषयी आपण सावध असावे. पण त्याच्यासमोर रडत बसलेल्या माणसाला मात्र हसू नये.

यानंतरच्या अमावास्येला आई गेली नाही. पुढे जाणारच नाही, असे मी सांगू शकत नाही.