शिवल्याने न होणारा रोग

आपली कातडी रोज झिजते आणि रोज नवी येते. कातडीच्या तळाशी बारीक बारीक कण तयार होतात. त्यांना पेशी म्हणतात. या पेशी हळूहळू वर सरकतात, वर येता येता पक्क्या होतात आणि शेवटी गळून पडतात. या साऱ्याला साधारण एक महिना लागतो. अंघोळीच्या वेळी अंग चोळले की मळ निघतो ना? त्यात या जुन्या पेशीही असतात.

सोरायसिस नावाचा एक रोग आहे. त्यात हे महिन्याचे काम तीन ते पाच दिवसांत उरकते. पीक तयार व्हायच्या आधीच कापणी व्हावी, तसे होते. कच्च्या पेशी वर येतात. जुन्या गळायच्या आत नव्या येऊन चढतात. थरावर थर बसतो. मग कातडी जाड होते, लाल होते आणि तिच्यावर चांदीसारखे पांढरे खवले धरतात. सावळ्या अंगावर चट्टे लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतात.

हे चट्टे बहुधा कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेच्या मागे आणि डोक्यात येतात. डोक्यातले खवले पाहून नुसता कोंडा झाला असे वाटते. काहींच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे पडतात. खाज सुटते. कातडी तडकते, कधी रक्तही येते. थंडीत कातडी कोरडी पडली की अनेकांचा त्रास वाढतो.

असे का होते?

आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी आहेत. त्या अंगाच्या रखवालदार. या रोगात रखवालदार चुकतो. चोर नसताना ‘चोर, चोर’ म्हणून ओरडतो. कातडीला वाटते, जखमच झाली. ती घाईघाईने नवे थर रचू लागते.

अशी चूक होण्याचा कल काही घराण्यांत असतो. पण आईला आहे म्हणून प्रत्येक मुलाला होईलच, असे मुळीच नाही. कल असला तरी एखादे निमित्त लागते. घसा सुजणे, मनाला मोठा घोर लागणे, दारू, विडी-तंबाखू ही अशी निमित्ते आहेत. रक्तदाबाच्या आणि हिवतापाच्या काही गोळ्यांनीही रोग वाढतो. पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.

मागल्या जन्मीचे पाप, कोणाची नजर, दूध आणि मासे एकत्र खाणे, यांतल्या कशानेही हा रोग होत नाही. आणि तो एकापासून दुसऱ्याला कधीही लागत नाही.

ताटवाटी वेगळी कशाला?

समजा, गावात नर्सबाई आल्या आहेत. एक सासूबाई त्यांना हळूच म्हणतात,

“बाई, सुनेच्या कोपरावर पांढरं पांढरं आलंय. मी तिची ताटवाटी वेगळी केलीय. नातवालाही तिच्याजवळ देत नाही. महारोग असला म्हणजे?”

नर्सबाई सुनेला म्हणतात, “ताई, डोळे मिटा. चट्ट्यावर कापूस फिरवते. कळतंय का?”

“हो, कळतंय की!”

“आजी, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही. हिला कळतोय, खवलेही आहेत. मला हा सोरायसिस वाटतो. डॉक्टरांना दाखवून खात्री करू. पण एक सांगते. कुष्ठरोग असता, तरी ताटवाटी वेगळी करायचं कारण नव्हतं. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. औषध सुरू झालं की लागण थांबते.”

“मग हिनं भाकरी थापली तर चालेल?”

“चालेल. तुम्ही खा, आम्हालाही वाढा. बाळाला आईजवळ द्या. सोरायसिस शिवल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर निजल्यानं, कपड्यांनी, पाण्यानं, कशानंही होत नाही.”

या सासूबाईंची भीती फार जुनी आहे. युरोपातसुद्धा शेकडो वर्षे लोक या रोगाला कुष्ठरोग समजत आणि रोग्याला दूर लोटत. व्हिएन्ना शहरातले डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग निराळे आहेत हे स्पष्ट केले. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने या रोगाविषयी ठराव केला. हा रोग लागट नाही, रोग्यांना वाळीत टाकू नये, हे तेव्हा साऱ्या जगाला सांगितले गेले. शहाणपण जगभर पोचले. ते आपल्या घरात शिरायला हवे.

इलाज

हा रोग मुळासकट कायमचा घालवील असे औषध अजून निघालेले नाही. पण तो ताब्यात ठेवता येतो. मधुमेहाचे माणूस औषधपाणी सांभाळून सारी कामे करते ना? तसेच हे.

१. कोमट पाण्याने अंघोळ करा. वजरीने, दगडाने चट्टे घासू नका. खवले नखाने ओरबाडू नका. जिथे खरचटते तिथे नवा चट्टा उठू शकतो. अंग टिपून, ते ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. दिवसातून दोनतीनदा लावले तरी चांगलेच.

२. चट्टे थोडे असतील तर डॉक्टर मलम देतात. काही मलमे खवले सैल करतात, काही सूज उतरवतात. जितके दिवस सांगितले तितकेच दिवस लावा.

३. चट्टे फार असतील तर मोठ्या दवाखान्यात खास दिव्याचा प्रकाश देतात. आठवड्यातून दोनतीनदा जावे लागते. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ घेतले तर पुष्कळांना बरे वाटते. पण कातडी भाजू देऊ नका.

४. रोग जोराचा असेल तर पोटात घ्यायच्या गोळ्या किंवा इंजेक्शने देतात. त्यासाठी आधी आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. काही इंजेक्शनांच्या आधी क्षयाची तपासणी करतात. बाई गरोदर असेल किंवा मूल हवे असेल, तर नवराबायको दोघांनी डॉक्टरांना आधीच सांगावे.

एक गोळी, एक वार

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या रोगावर पुष्कळदा देतात. गोळी गुणाची आहे. पण ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो.

म्हणून तुम्ही आता वाचायला शिकला आहात, त्याचा इथे उपयोग करा. डॉक्टरांना म्हणा, “साहेब, चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या : आठवड्यातून एकदा, अमुक वारी.” तो वार घरच्या कॅलेंडरवर लिहा. गोळी घेतली की खूण करा. या गोळीबरोबर दारू वर्ज्य.

पुडीवाल्यापासून जपा

“तीन पुड्यांत मुळापासून बरा करतो,” असे सांगणारे बाजारात भेटतात. अशा काही पुड्यांत स्टिरॉईड नावाचे जोरदार औषध गुपचूप मिसळलेले असते. आठ दिवसांत चट्टे मावळतात. माणूस खूश होतो. पुडी बंद झाली की रोग दुपटीने उसळतो. कधी सारे अंग लाल होते, कातडी सुटू लागते, हुडहुडी भरते. कधी तापाबरोबर अंगभर पुवाचे फोड येतात. असे झाले तर घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

सकाळी उठल्यावर बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेही सांगा. हा रोग सांध्यांतही उतरतो. वेळेवर इलाज झाला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. या रोग्यांत मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे दुखणे जास्त आढळते. म्हणून वजन आटोक्यात ठेवा आणि साखर व रक्तदाब तपासून घ्या.

कातडीच्या चट्ट्याला मलम आहे. लोकांनी तोंड फिरवले म्हणजे मनाला जो चट्टा पडतो, त्याला दुकानात मलम नाही. ते घरच्या माणसांच्याच हाती असते. रोग्याच्या पाठीला आपले हात पोचत नाहीत, तिथे तेल लावून द्या. एवढ्यानेही त्याला किती धीर येतो, ते पाहा.

प्रश्न

१. निरोगी कातडीला बदलायला किती दिवस लागतात? या रोगात किती?
२. सासूबाईंनी ताटवाटी वेगळी का केली? ते बरोबर होते का?
३. मेथोट्रेक्सेट गोळी कधी घ्यायची असते?
४. घरातल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणा. कोणते औषध केव्हा घ्यायचे, ते पाटीवर लिहा.