चार बाजू मोजल्या, शेत किती?

आपण शेत घेतो. चारही बाजू मोजतो. तेवढ्याने शेत किती ते कळते का? चला, करून बघू.

आपली दोरी ३३ फुटांची. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, काटकोनी जागा म्हणजे १ गुंठा. समजा, पांझरेकाठी शेत आहे. प्रत्येक बाजू १० दोऱ्या. कोपरे काटकोनी असले, तर १० × १० = १०० गुंठे.

पण शेत तिरके असले तर?

१. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजू. भरले १६ दोऱ्या. शेताचे दोन त्रिकोण झाले.

२. या रेषेपासून तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत काटकोनात मोजू. भरले ६ दोऱ्या.

३. १६ × ६ = ९६. त्याचे निम्मे ४८ गुंठे.

४. दुसरा त्रिकोणही तेवढाच. ४८ + ४८ = ९६ गुंठे.

बाजू त्याच, पण ४ गुंठे कमी! पैसे मात्र १०० गुंठ्यांचे गेले असते.

नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाही, हे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त बजावले आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

तेव्हा मधली रेषा मोजू, मगच सौदा करू.