एका हाकेचे उत्तरायुष्य : ‘जिमी जिमी जिमी आजा’ या गीताचा एक अभ्यास

भारतीय भाषांच्या अभ्यासक्षेत्रात चित्रपटगीताला प्रवेश मिळतो तो बहुधा दोन अटींवर. एक तर त्याचा कर्ता साहिर, शैलेंद्र यांच्यासारखा कवी म्हणून मान्यता पावलेला असावा लागतो. नाही तर चालीचा आधार काढून घेतल्यावरही ते गीत कागदावर कविता म्हणून उभे राहावे लागते. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटातील ‘जिमी जिमी जिमी आजा’ हे गीत यांपैकी दुसऱ्या कसोटीवर तर मुळीच टिकत नाही. त्याचे शब्द उतरवून काढले असता एक विशेषनाम, एक आज्ञार्थी क्रियापद आणि त्यांच्याभोवती विरळपणे विणलेले प्रेमगीताचे नेहमीचे संकेत एवढेच हाती लागते. असे असूनही हिंदीचा गंध नसलेल्या कोट्यवधी लोकांच्या जिभेवर हिंदीचे जे मोजके शब्द बसले, त्यांत या ध्रुवपदाची गणना करावी लागते. शब्दांचे हे दारिद्र्य त्या प्रवासाच्या आड आले नाही, इतकेच म्हणून भागत नाही. त्या दारिद्र्याचे नेमके व्याकरण तपासल्याखेरीज तो प्रवास उलगडत नाही.

प्रथम गीताचा जन्म. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो व समलिंगी समाजांच्या नृत्यगृहांतून वर आलेली डिस्कोची लाट अमेरिकेत १९७९ नंतर ओसरू लागली होती. त्या वर्षीच्या जुलैत शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडवून देण्याचा जाहीर सोहळाही झाला. मुंबईत मात्र डिस्कोचा खरा अंमल १९८० च्या ‘कुर्बानी’पासून सुरू होतो. म्हणजे हिंदी डिस्को हेच मुळात एका उत्तरायुष्याचे नाव आहे. ‘डिस्को डान्सर’चे दिग्दर्शक बब्बर सुभाष, नायक मिथुन चक्रवर्ती, संगीतकार बप्पी लाहिरी. पटकथा-संवादांचे श्रेय मात्र ज्या नावाकडे जाते ते साहित्याच्या अभ्यासकाला थबकविणारे आहे : डॉ. राही मासूम रझा. गाझीपूर जिल्ह्यातील गंगौली गावाची फाळणीच्या काळातील कहाणी सांगणारी ‘आधा गाँव’ (१९६६) ही कादंबरी ज्यांनी लिहिली आणि १९८८ पासून दूरदर्शनवरील ‘महाभारत’ मालिकेला ज्यांनी भाषा दिली, त्याच लेखणीतून जिमीचीही कथा उतरली. रझांच्या वाङ्मयीन चरित्रात या चित्रपटाचा उल्लेख सहसा ओशाळवाणेपणाने येतो. तसे ओशाळण्याचे कारण नाही.

कारण गीताचा अर्थ कथेतील त्याच्या स्थानावाचून कळतच नाही. नायकाचे मूळ नाव अनिल. गल्लीत गाणाऱ्या या मुलाला ‘जिमी’ हे नाव देतो तो त्याचा व्यवस्थापक डेव्हिड ब्राउन (ओम पुरी). नाव बाजारात घडलेले आहे, आणि बाजाराने ते उचलून धरल्यावर मूळ माणूस मागे पडला आहे. पुढे शत्रूंनी गिटारीत सोडलेल्या विजेच्या धक्क्याने त्याची आई मरते; वाद्याच्या नुसत्या दर्शनाने त्याचा थरकाप होऊ लागतो. आंतरराष्ट्रीय डिस्को स्पर्धेच्या व्यासपीठावर तो मूक उभा राहतो, आणि त्याला बोलते करण्यासाठी नायिका रीटा (किम) त्याच्या नावाने साद घालते. तीच साद म्हणजे हे गीत. ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की या सादेला तो प्रतिसाद देत नाही. त्याच्या कंठातून स्वर फुटतो तो नंतर, काका राजू (राजेश खन्ना) पुढे आल्यावर, दुसऱ्याच गीतात. लोकप्रियतेच्या लखलखाटात हे सहज विसरले जाते की चित्रपटातील सर्वांत गाजलेले गीत कथेत निष्फळ ठरलेले आहे. ती एक अनुत्तरित हाक आहे.

शब्द अंजान यांचे. अंजान मूळचे बनारसचे. ‘डॉन’ (१९७८) मधील बनारसी पानाचे गीत त्यांचेच. बोलीचा मगदूर त्यांना पुरेपूर अवगत होता. तेव्हा येथे त्यांनी शब्द काटकसरीने वापरले ते असमर्थतेने नव्हे, असे मानण्यास जागा आहे. डिस्कोचा ठेका चारही मात्रांवर समान आघात देतो. त्यात लांब समास वा वळणदार वाक्यरचना मावत नाही, तुटक आणि पुनरुक्त उच्चारच मावतो. ‘जिमी’ ही दोन मिटल्या ओठांजवळची अक्षरे तीनदा आल्यावर ‘आजा’चे दोन मोकळे आकार येतात. तोंड उघडते, आवाज लांबवर जातो. दुरून हाक मारताना कोणताही माणूस अखेरचा स्वर असाच लांबवितो.

या ‘आजा’चा मराठीत अनुवाद करू जाता एक गंमतीची अडचण उभी राहते. (तो शब्द जसाच्या तसा घेतला तर मराठी घरात एखादे आजोबाच ओ देतील, हे सोडून देऊ.) हिंदीच्या ‘आ जा’मध्ये ‘जाना’ हे क्रियापद आपला जाण्याचा अर्थ टाकून येण्याच्या क्रियेला पूर्णत्व देते : येऊन पोहोच, आता उशीर नको. मराठीत हेच दोन धातू शेजारी ठेवले की ‘ये-जा’ होते, आणि तिचा अर्थ नेमका उलट, म्हणजे कोठेच न ठरणे. मराठीला येथे ‘ये ना’ किंवा ‘ये रे’ असे अव्ययाचे साहाय्य घ्यावे लागते, आणि तसे करताच आर्जव वाढून आज्ञा मवाळ होते. अनुवादाच्या वर्गात हे चार अक्षरी उदाहरण एखाद्या दीर्घ कवितेपेक्षा अधिक शिकवू शकेल.

त्याच चित्रपटात हेच क्रियापद आणखी एका गीतात आले आहे. तेथे पृथ्वीवर येण्याची विनवणी कृष्णाला आहे, आणि ते गायिले आहे नंदू भेंडे यांनी. आत्माराम व आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. त्यांचा आवाज मराठी प्रेक्षकांनी ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये ऐकला होता. एक हाक देवाला, एक डिस्कोच्या नायकाला, क्रियापद एकच. हा योगायोग मानावा की पटकथेची योजना, याचा निर्णय बाजूला ठेवला तरी वाचनाची दिशा त्यातून मिळते. षोडशोपचार पूजेतील पहिला उपचार आवाहनाचा. गोंधळाच्या आरंभीही गोंधळी ठिकठिकाणच्या देवतांना त्यांच्या स्थानांच्या नावांनिशी बोलावतो. आवाहनात वर्णनापेक्षा नामाला महत्त्व असते. नाम अचूक उच्चारले म्हणजे उरलेले काम श्रद्धा करते. ‘जिमी’च्या ध्रुवपदाने हा जुना साचा घेतला आणि त्यात देवाच्या जागी व्यवस्थापकाने ठेवलेले एक पोकळ इंग्रजी नाव बसविले. साचा टिकला आणि नाव पोकळ राहिले. म्हणूनच पुढे ज्याला जे हवे ते त्याने त्या नावात भरले.

चालीविषयी संकोच न ठेवता बोलले पाहिजे. फ्रान्समधील ‘ओटावान’ या जोडीच्या १९८० च्या ‘ते ओके’ या गीताशी तिचे साम्य कानाला लगेच जाणवते. ज्या गीताचे हे ऋण, त्याचे गायक फ्रेंच कॅरिबियनमधून आलेले, आणि हिंदी गीताला आवाज देणाऱ्या पार्वती खान त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, रझांच्या स्नुषा. एवढ्या ठिकाणांहून आलेल्या वस्तूचा एक ‘कर्ता’ शोधणे व्यर्थ आहे. मात्र ऋणाचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. पुढे बप्पी लाहिरी यांच्याच ‘ज्योती’ (१९८१) मधील लता मंगेशकरांनी गायिलेल्या गीताचा अंश एका अमेरिकन गाण्यात श्रेयाविना वापरला गेला, तेव्हा प्रकरण तेथील न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये श्रेयनिर्देशाशिवाय विक्रीस मनाई झाली. घेणारा आणि ज्याच्याकडून घेतले गेले तो, या दोन्ही भूमिका एकाच संगीतकाराच्या वाट्याला आल्या. त्यांपैकी एकीवर बोट ठेवून दुसरी झाकणारी टीका अर्धवट होय.

देशात चित्रपटाची तेलुगू (‘डिस्को किंग’, १९८४) व तमिळ (‘पाडुम वानम्बाडी’, १९८५) रूपांतरे झाली. रूपांतराची ही रीत सर्वपरिचित असल्याने तिच्यावर थांबण्याचे कारण नाही. अधिक विलक्षण घटना सोव्हिएत संघात घडली. १९८४ मध्ये तेथे प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची सुमारे ६ कोटी तिकिटे खपली. तीन दशकांपूर्वी ‘आवारा’ने गाठलेल्या पल्ल्याच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. संवाद रशियन झाले तरी गीते हिंदीतच राहिली, आणि रशियन कानाने ‘आजा’चे ‘आचा’ केले. लोकमुखात ध्रुवपद आजही त्याच रूपात आहे. हिंदी जाणणाऱ्याला त्यात ‘अच्छा’ ऐकू येतो, म्हणजे बोलावण्याच्या जागी होकार. चुकीच्या श्रवणाने गीताला असे उत्तर मिळाले, जे चित्रपटात त्याला कधीच मिळाले नव्हते! पाठचिकित्सक ज्याला अपपाठ म्हणेल तो येथे स्वीकाराचा पुरावा ठरतो. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. ओवी आणि अभंग यांच्या पाठांतरांची कथा फारशी वेगळी नाही.

२००७ मध्ये श्रीलंकन तमिळ कुळातील ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने ‘कला’ या संग्रहात हे गीत ‘जिमी’ नावाने नव्याने गायिले. संग्रहाचे नाव तिच्या आईचे, आणि हे गाणे तिच्या बालपणीच्या घरगुती समारंभांतले. ती त्यावर नाचत असे. चाल तिने जवळजवळ तशीच ठेवली, पण कडवी पालटली. तिचा जिमी हा आफ्रिकेतील युद्धग्रस्त प्रदेशांकडे निघालेला पत्रकार आहे. ज्या नामात रीटाने प्रियकर पाहिला, त्यात निर्वासिताचे बालपण अनुभवलेल्या या कवयित्रीने दुसऱ्याच्या विनाशाकडे प्रवासी म्हणून जाणारा माणूस पाहिला. आर्जवाच्या स्वरात उपरोध मिसळला. येथे तो रिकामा साचा प्रथमच जाणीवपूर्वक, कवीच्या शुद्धीने, वापरला गेला, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत सोयीचे हेच रूपांतर वाटते. सोय हे महत्त्वाचे माप नव्हे.

कारण यापुढचे रूपांतर कोणाही एका कवीचे नाही. २०२२ मध्ये चीनमधील अनेक शहरांत कोविड-निर्बंधांखाली माणसे आठवडेच्या आठवडे घरांत कोंडली गेली. अन्नधान्याच्या टंचाईच्या तक्रारी पुढे आल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबराच्या सुमारास डौयिन या चित्रफितींच्या माध्यमावर पार्वती खान यांचा मूळ आवाज ऐकू येऊ लागला. कारण निव्वळ ध्वनीचे होते. मँडरिनमध्ये ‘जिए’ म्हणजे उसने घेणे वा देणे, ‘मी’ म्हणजे तांदूळ. ‘जिमी’ हे नाव त्या कानांना ‘तांदूळ उसना द्या’ असे ऐकू आले. नियंत्रणाच्या डोळ्यांना ते एक जुने परदेशी प्रेमगीत होते. शेजाऱ्यांना ते मागणे होते. बप्पी लाहिरी त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत निवर्तले होते. त्यांनी हे ऐकले नाही.

या टप्प्यावर विशेषनाम पूर्णपणे लोपले आहे. डेव्हिड ब्राउनने ठेवलेले नाव, रीटाने आळवलेला प्रियकर, लंडनच्या गायिकेचा पत्रकार यांपैकी कोणीही त्यात उरलेले नाही. नामाचे क्रियापद आणि कर्म झाले आहे. तरी बोलण्याचा प्रकार पालटलेला नाही. समोर नसलेल्या कोणाला तरी उद्देशून, तो येईलच याची खात्री नसताना, एकच मागणी पुन्हा पुन्हा करणे, हे १९८२ च्या व्यासपीठावर होते आणि २०२२ च्या बंद सदनिकेतही होते. त्या चित्रफितींची घडण अगदी साधी आहे. कोणी स्वयंपाकघरात उभा असतो, ठेका सुरू होतो, नाव तीनदा येते. तो भांडे उचलतो आणि आतला तळ दिसेल असे कॅमेऱ्यासमोर कलते धरतो.