पडद्यापडद्यांतील माहितीची देवघेव

इयत्ता : ७ वी व ८ वी. वेळ : एक तासिका.
साहित्य : चार पाट्या, खडू, कागदाच्या चिठ्ठ्या, बालभारतीचे कोणतेही क्यूआर कोड असलेले पाठ्यपुस्तक. या पाठास संगणक लागत नाही.

पाठाचा हेतू : मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये एका पडद्यावर भरलेली माहिती दुसऱ्या पडद्यावर कशी पोहोचते, हे विद्यार्थ्यांस समजावे, व एकाच गोष्टीच्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवल्याने कोणता घोटाळा होतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढावे.

१. प्रस्तावना

हजेरी, पोषण आहार, विद्यार्थ्यांची माहिती इत्यादी शालेय नोंदींचा बराच भाग आता मोबाईलवर भरावा लागतो. शिक्षक एका पडद्यावर आकडा भरतो आणि पुढील पडद्यावर तो आपोआप आलेला दिसतो. परंतु येथे आपोआप असे काहीच घडत नाही. तो आकडा कोणी, कोणास, कोणत्या नावाने द्यावयाचा, हे अ‍ॅप तयार करणाराने आधी ठरविलेले असते. ते ठरविण्यात चूक झाली म्हणजे दोन पडदे दोन निराळे आकडे सांगू लागतात, आणि त्याचा परिणाम मुलाच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचतो.

२. पडद्याचे घटक

अ‍ॅपचा पडदा एकसंध नसतो. वरची पट्टी, मुलांच्या नावांची यादी, प्रत्येक नावापुढील खुणेचा चौकोन, खालची बेरीज, असे त्याचे लहान लहान तुकडे असतात. त्यांस घटक म्हणावे. मोठा घटक लहान घटकांस आपल्या पोटात घेतो. मोठ्यास पालक-घटक व लहानास बालक-घटक म्हणतात. फेसबुकने २०१५ मध्ये सर्वांस खुले केलेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि गूगलचे फ्लटर, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, ही अ‍ॅप बांधण्याची दोन प्रचलित साधने होत. पहिल्यात घटकास कंपोनंट व दुसऱ्यात विजेट असे नाव आहे. रचनेचे तत्त्व मात्र एकच.

३. उदाहरण

वर्गासाठी एक नमुना अ‍ॅप कल्पावे. त्यात दोन पडदे आहेत : 'हजेरी' व 'आहार'. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेच्या प्रमाणानुसार इयत्ता १ ली ते ५ वीच्या मुलास प्रतिदिनी १०० ग्रॅम व ६ वी ते ८ वीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य द्यावयाचे असते. आपण पहिल्या पाच इयत्ताच घेऊ. सकाळी ४२ मुले हजर आहेत. आहाराचा पडदा सांगतो : ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ.

आता कापूसवेचणीच्या दिवसांत दोन मुले घरची कामे आटोपून उशिरा आली. शिक्षकाने हजेरीच्या पडद्यावर ४४ केले. परंतु आहाराच्या पडद्याने सकाळचा ४२ हा आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घेतला असेल, तर तो अजूनही ४ किलो २०० ग्रॅमच सांगणार. खरी गरज ४ किलो ४०० ग्रॅमची आहे. दोनशे ग्रॅमचा हा फरक म्हणजे दोन मुलांचे जेवण होय. शिवाय सायंकाळी साठ्याची नोंद व हजेरी जुळणार नाही, आणि त्याचा जाब मुख्याध्यापकास द्यावा लागेल.

४. कृती

चार विद्यार्थी पुढे बोलवावेत व त्यांस 'मूळ नोंद', 'यादी', 'आहार' व 'साठा' अशी नावे द्यावीत.

पहिली फेरी : चौघांनीही आपापल्या पाटीवर ४२ लिहावे. शिक्षकाने फक्त 'यादी'च्या कानात सांगावे की, दोन मुले वाढली. 'यादी'ने आपल्या पाटीवर ४४ करावे. नंतर प्रत्येकास आकडा विचारावा. तीन जण ४२ म्हणतील, एक ४४ म्हणेल. खरे कोण, हे वर्गास विचारावे. ज्याने बातमी ऐकली नाही त्यास ते सांगता येणार नाही. ही अडचण मुलांच्या तोंडून येऊ द्यावी.

दुसरी फेरी : पाटी केवळ 'मूळ नोंद' याच्याकडे ठेवावी. 'यादी'ने पाटीस हात न लावता "दोन वाढवा" अशी चिठ्ठी त्याच्याकडे धाडावी. त्याने ४२ पुसून ४४ लिहावे व पाटी तिघांनाही दाखवावी. 'आहार'ने ती पाहून धान्याचे वजन पुन्हा काढावे. आता सर्वांची उत्तरे जुळतात.

या कृतीतून तीन नियम निघतात. माहितीचे घर एकच असावे. पालक-घटकाने बालक-घटकास माहिती द्यावी, बालकाने ती वाचावी, पण परस्पर बदलू नये. बदल हवा असल्यास बालकाने वर निरोप पाठवावा व पालकाने मूळ नोंद दुरुस्त करावी. धान्याचे वजन तर मुळी साठवूनच ठेवू नये. ते हजेरीच्या आकड्यावरून दर वेळी काढता येते.

५. किल्ली द्यावी, पोते देऊ नये

एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाताना किती माहिती सोबत द्यावी, हाही विचार महत्त्वाचा आहे. येथे पाठ्यपुस्तक उघडून क्यूआर कोड दाखवावा. हा चौकोनी संकेत जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत १९९४ मध्ये तयार झाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या दीक्षा या व्यवस्थेत प्रत्येक चौकोनास सहा अक्षरांचा एक संकेतांक असतो. चौकोनात पाठाची चित्रफीत नसते, केवळ हा संकेतांक असतो. अ‍ॅप त्यावरून योग्य पाठ शोधून आणते. त्याचप्रमाणे एका पडद्याने दुसऱ्यास विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र, गुण असे सर्व पोते न देता केवळ त्याचा क्रमांक द्यावा. अँड्रॉइडमध्ये अशा देवघेवीच्या सामायिक जागेस सुमारे १ मेगाबाइटची मर्यादा आहे. मोठी छायाचित्रे त्यात कोंबली तर अ‍ॅप बंद पडते.

६. नावातील अचूकपणा

अँड्रॉइडमध्ये पाठविलेल्या प्रत्येक माहितीस नावाची चिठ्ठी लावतात, आणि घेणारा त्याच नावाने ती मागतो. पाठविणाराने 'हजेरी' असे लिहिले व घेणाराने 'हजरी' असे मागितले, तर यंत्र तक्रार करीत नाही. न मिळाल्यास द्यावयाचा म्हणून जो आकडा ठरविलेला असेल, बहुधा शून्य, तो निमूटपणे हाती ठेवते. शून्य हजेरी दिसली म्हणजे शाळेत मूल नव्हते असे नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी. शुद्धलेखनाच्या पाठाशीही हा भाग जोडता येईल.

७. फळ्यावर लिहावयाचे

माहितीचे घर एक.
माहिती वरून खाली, निरोप खालून वर.
किल्ली द्यावी, पोते देऊ नये.
देणाराचे व घेणाराचे नाव सारखे असावे.

८. स्वाध्याय

(१) इयत्ता ६ वी ते ८ वीत ३० मुले हजर होती, नंतर ४ आली. जुना आकडा न बदलल्यास किती धान्य कमी पडेल?
(२) हजेरीपुस्तक, साठा नोंदवही व फळ्यावरील पटसंख्या यांत एकच आकडा किती ठिकाणी लिहिला जातो? मूळ नोंद कोणती मानावी व का?
(३) घरच्या व्यवहारातील एकाच गोष्टीच्या दोन नोंदी शोधून आणा.

शिक्षकांस सूचना : दुसऱ्या प्रश्नास अधिक वेळ द्यावा. अ‍ॅपची नावे व साधने बदलत राहतील, परंतु मूळ नोंद ओळखण्याची सवय टिकेल. दोन पडद्यांवर दोन आकडे दिसल्यास सोयीचा आकडा न उचलता आधी वर्गातील मुले मोजावीत. कारण सर्व नोंदींची मूळ नोंद म्हणजे समोर बसलेले मूलच होय.