शहरांतील वाहनांची गर्दी व तिचें गणित

सकाळीं शाळेस येतांना पुलापाशीं खोळंबलेली मोटारींची रांग आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. अशा रांगेचा अंदाज आधीं बांधतां यावा म्हणून दोन गणितें करण्यांत येतात.

पहिलें मागणीचें. कोणत्या वस्तींतून किती माणसें, कोठें व कोणत्या वाहनानें जातील, हें यांत ठरवितात. दुसरें अनुकरणाचें. त्यांत प्रत्येक मोटार निराळी धरून ती क्षणोक्षणीं कशी सरकते, हें संगणकावर पाहतात.

एक उदाहरण घेऊं. पुलावरून तासांत १८०० मोटारी जाऊं शकतात. आठ ते नऊ या वेळांत येतात २४००. मागणीचें नेहमींचें गणित थोडा उशीर लावून त्या सर्व पलीकडे पोंचवितें! कागदावर पूल तुंबत नाहीं. अनुकरण मात्र दाखवितें कीं, नऊ वाजतां ६०० मोटारी अलीकडेच उभ्या असून शेवटचीस २० मिनिटें थांबावें लागेल. एकेरी रांग धरल्यास ती सुमारें चार किलोमीटर होईल, आणि ज्यांना पुलावर जावयाचेंच नाहीं त्यांचेही चौक अडतील.

परंतु अनुकरणही २४०० हा आंकडा मुकाट्यानें मानतें. आज २० मिनिटें थांबलेला मनुष्य उद्यां लवकर निघेल, नाहीं तर आगगाडीनें जाईल. यासाठीं अनुकरणांतून निघालेला उशीर पुन्हां मागणीच्या गणितांत घालावा लागतो, व आंकडे स्थिर होईपर्यंत ही फेरी चालू ठेवावी लागते.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिचा मध्यभाग अंशतः बेटांवर वसलेला आहे. तेथें ३ जानेवारी २००६ पासून सुमारें सात महिने, शहराच्या मध्यभागीं ये-जा करणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळीं अधिक असा कर प्रयोगादाखल बसविला. हद्द ओलांडणारीं वाहनें सुमारें पंचमांशानें घटलीं. हें भाकित बरेंचसें खरें ठरलें. पण रांगा मात्र गणितानें सांगितल्यापेक्षां पुष्कळच आंखुडल्या. असें कां व्हावें? आपलेंच उदाहरण पाहा. २४०० चा पंचमांश वजा केला कीं १९२० उरतात. रांगेंत ६०० ऐवजीं १२० मोटारी, आणि खोळंबा २० ऐवजीं अवघा ४ मिनिटें!

आतां हा मोकळा पूल पाहून आणखी १०० जणांनीं बस सोडून मोटारी काढल्या, तर खोळंबा किती होईल, तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.