मुंबईचा रक्तगट

नाशिकच्या रक्तपेढीत एक लहानसा प्रयोग पाहावयास मिळतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे दोन थेंब ठेवलेले असतात. तंत्रज्ञ एका थेंबात निळा द्रव मिसळतो, दुसऱ्यात पिवळा. थोड्याच वेळात थेंबातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके दिसू लागतात. निळ्यात पुंजके झाले तर रक्तगट ‘ए’, पिवळ्यात झाले तर ‘बी’, दोन्हींत झाले तर ‘एबी’ आणि कोठेच न झाले तर ‘ओ’.

रंग केवळ ओळखीपुरते असतात. खरे काम करितात ती द्रवांतील प्रतिपिंडे. शरीरात परके द्रव्य शिरले की त्याला नेमके जाऊन चिकटणारे पदार्थ रक्तात तयार होतात, तीच ही प्रतिपिंडे. ‘ए’चे प्रतिपिंड ‘ए’ला धरील, ‘बी’ला शिवणारही नाही. पूर्वी ती माणसांच्या रक्तातूनच मिळवीत. १९७५ साली कोलर व मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधून काढली. आज रक्तातील कितीतरी सूक्ष्म पदार्थांचा माग याच साधनाने काढला जातो.

‘ओ’ गटाचे रक्त अडीअडचणीला कोणालाही चालते, असे मानीत असत. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यापुढे मात्र एक विलक्षण रक्त आले. तपासणीत ते ‘ओ’सारखेच दिसे, परंतु त्यातील पाणीदार भागात, म्हणजे रक्तद्रवात, ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळताच त्यांचेही पुंजके होत. हात चुकला असेल, असे म्हणून एखाद्याने तो थेंब पुसून टाकला असता. या मंडळींनी तसे केले नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा तीन व्यक्तींच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. या गटाला शहरावरून ‘बॉम्बे’ हे नाव पडले.

कोडे असे उलगडले. तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाचे एक द्रव्य असते. त्यावरच ‘ए’ किंवा ‘बी’ची रचना चढते, ‘ओ’ गटात नुसते ‘एच’ असते. बॉम्बे गटाच्या पेशीवर तेही नसते. म्हणून अशा माणसाच्या शरीराला ‘एच’देखील परके वाटते आणि त्याच्या रक्तात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात. त्याला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर त्या पेशी फुटून जिवावर बेतते. याच कारणाने रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी करितात. ‘एच’ आहे की नाही हे पाहण्यासाठी युरोपातील एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात, ही त्यातली आणखी एक गंमत!

भारतात हा गट सुमारे १०,००० माणसांत एकाचा असतो, असे मानतात. तो आईबाप दोघांकडून वारशाने येतो. साहजिकच रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचे रक्त प्रथम तपासतात. तेथे जुळले नाही, तर अशा दात्यांच्या याद्या उघडतात आणि दूरदूरच्या गावी निरोप धाडतात. एखादा दाता मुंबईत सापडतो. मग थंड पेटीत जपून ठेवलेली त्याच्या रक्ताची पिशवी नाशिककडे निघते आणि कसाऱ्याचा घाट चढू लागते.