अपडेटनंतर खिडक्यांची नावे गेली, ती परत कशी आणावी?



हिशेबाचा प्रोग्राम तोच, मुनीमजी तेच, गिऱ्हाईकही तेच. पण रात्रीतून कॉम्प्युटर अपडेट झाला आणि सकाळी पडदा ओळखू येईना, अशी तक्रार आज बाजारात पुष्कळ ऐकू येते. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. त्यामुळे ज्या पेढ्या वर्षानुवर्षे जुन्या प्रणालीवर समाधानी होत्या, त्यांनाही विंडोज ११ कडे वळावे लागत आहे. वळल्यावर पहिला प्रश्न येतो तो हाच : “आमची अमुक सोय कुठे गेली?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन टोके गाठली जातात. काही जण हात टेकतात आणि रोजचे काम रडतखडत करतात. काही जण कोणीतरी सांगितलेला अनोळखी प्रोग्राम त्याच कॉम्प्युटरमध्ये घालतात, ज्यात साऱ्या पेढीची उधारी आणि हिशेब आहे. दोन्ही टोके नुकसानीची आहेत. मधला मार्ग सोपा आहे आणि बहुतेक वेळा त्याला एक पैसाही लागत नाही. तो आज आपण एका उदाहरणावरून समजून घेऊ.

नेमके काय गेले होते?

पडद्याच्या तळाशी जी आडवी पट्टी असते, तिला टास्कबार म्हणतात. जी जी फाईल उघडावी, तिचे बटन या पट्टीवर दिसते. विंडोज १० मध्ये अशी सोय होती की प्रत्येक उघड्या खिडकीचे बटन वेगळे ठेवता येई आणि त्यावर फाईलचे नावही लिहिलेले असे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली, तेव्हा ही सोय तिच्यात नव्हती. एका प्रोग्रामच्या सर्व खिडक्या एकाच चित्राखाली गोळा होऊ लागल्या आणि नावे दिसेनाशी झाली.

ज्याला दिवसात एकच पत्र टाईप करायचे आहे, त्याला याने फरक पडत नाही. व्यापाऱ्याला पडतो. समजा, कापडाच्या पेढीवर एक्सेलच्या चार फाईली उघड्या आहेत : चालू वर्षाचा स्टॉक, मागील वर्षाचा स्टॉक, जॉबवर्कचा तक्ता आणि भावपत्रक. पट्टीवर मात्र एकच हिरवे चित्र. त्यावर माऊस नेला की चार लहान चौकोन दिसतात, पण आकड्यांचे तक्ते दुरून सारखेच दिसतात. दारात टेम्पो उभा, दलाल फोनवर, आणि घाईत मुनीमजींनी पन्नास ताक्यांची आवक मागील वर्षाच्या पानावर चढविली, तर ती चूक त्या दिवशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ती निघते वर्षअखेरीस, माल मोजताना किंवा रिटर्न भरताना. मग ताके गोदामात आहेत आणि वहीत नाहीत, असा घोळ होतो. बटनावरील दोन शब्दांचे नाव हे शोभेसाठी नसते. ते वहीच्या पाठीवर चिकटविलेल्या चिठ्ठीसारखे असते.

ही सोय का काढली आणि परत कशी आली?

कंपनीने विंडोज ११ साठी टास्कबार जुन्यावरून न बेतता नव्याने लिहिला. नव्याने घर बांधताना जुन्या घरातील प्रत्येक कोनाडा पुन्हा बांधावा लागतो. जो बांधला नाही तो राहून गेला. वापरणाऱ्यांनी जगभरातून मागणी नोंदविली. अखेर सप्टेंबर २०२३ च्या ऐच्छिक अपडेटमध्ये आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२३ अखेर आलेल्या मोठ्या आवृत्तीत ही सोय परत देण्यात आली.

मात्र यात एक मेख आहे. सोय परत आली, पण ती आपोआप चालू होत नाही. ती स्वतः चालू करावी लागते. म्हणूनच नवा कॉम्प्युटर घेणाऱ्यास किंवा नुकतेच अपडेट करणाऱ्यास ती अजूनही गेलेलीच वाटते.

चालू करण्याची रीत

१. टास्कबारच्या रिकाम्या जागी माऊसचे उजवे बटन दाबावे. ‘टास्कबार सेटिंग्ज’ असे लिहिलेले येईल, त्यावर क्लिक करावे.

२. पान खाली सरकवून ‘टास्कबार बिहेवियर्स’ हा भाग उघडावा.

३. त्यात ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ अशी ओळ आहे. तिचा अर्थ : बटने एकत्र करा आणि नावे लपवा. तिच्यासमोर ‘ऑल्वेज’ म्हणजे नेहमी, असे निवडलेले असते.

४. तेथे ‘नेव्हर’ म्हणजे कधीही नाही, हे निवडावे. बटने वेगळी होतील आणि नावे दिसू लागतील. फार फाईली उघडून पट्टी भरून जात असेल, तर मधला पर्याय ‘व्हेन टास्कबार इज फुल’ निवडावा. मग पट्टी भरेपर्यंत नावे राहतील.

५. गल्ल्यावर दोन पडदे जोडलेले असतील तर दुसऱ्या पडद्याच्या पट्टीसाठी खाली वेगळी ओळ आहे. तीही बदलावी.

ही ओळच दिसत नसेल तर आपली आवृत्ती जुनी आहे. ती पाहण्यासाठी विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबावी, आलेल्या चौकटीत इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर अशी सहा अक्षरे टाईप करून एंटर करावे. आवृत्ती ‘२३एच२’ किंवा तिच्यापुढची असली पाहिजे. नसेल तर सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’ मधून नवी आवृत्ती घ्यावी. बाहेरचा कोणताही प्रोग्राम घेण्याची गरज नाही.

गेलेली वस्तू तीन प्रकारची असते

वरील उदाहरणातून एक सर्वसाधारण धडा मिळतो. अपडेटनंतर जी सोय दिसत नाही, ती तीनपैकी एका प्रकारची असते. आधी प्रकार ओळखावा, मग इलाज करावा.

पहिला प्रकार : सोय आहे, पण बंद ठेवली आहे. खिडक्यांची नावे याच प्रकारची. डेस्कटॉपवरील ‘धिस पीसी’चे चित्रही असेच. ते परत आणण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘थीम्स’ आणि त्यात ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ उघडून खूण करावी. आपल्यापैकी जे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत पार्ट्यांची नावे लिहितात, त्यांना भाषेची तरंगती पट्टी आठवत असेल. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘टायपिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ येथे डेस्कटॉप लँग्वेज बारची खूण आहे. ती केली की ही पट्टी पुन्हा येते. पट्टी नको असेल तर विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबूनही भाषा बदलते.

दुसरा प्रकार : सोय आहे, पण तिची जागा बदलली आहे. स्टार्टचे बटन डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी गेले, ते याच प्रकारचे. ‘टास्कबार बिहेवियर्स’ मध्येच ‘टास्कबार अलाइनमेंट’ समोर ‘लेफ्ट’ निवडले की ते आपल्या जुन्या कोपऱ्यात येते. फाईलवर उजवे बटन दाबल्यावर येणारी जुनी लांब यादीही हरवलेली नाही. नव्या यादीच्या तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’ आहे. शिफ्टची कळ धरून उजवे बटन दाबले तर थेट जुनी यादी येते.

तिसरा प्रकार : सोय खरोखर काढलेली आहे. जुन्या ‘क्विक लाँच’सारख्या लहान पट्ट्या टास्कबारवर बसविण्याची सोय विंडोज ११ मध्ये दिली नाही. येथे परत आणण्याच्या खटपटीपेक्षा पर्याय शोधणे बरे. रोजच्या प्रोग्रामवर उजवे बटन दाबून तो टास्कबारवर ‘पिन’ करावा. काम तेच होते. फाईल ओढून टास्कबारवरील खिडकीत टाकण्याची सोयही २०२१ मध्ये गेली होती, ती सप्टेंबर २०२२ च्या आवृत्तीत परत आली. म्हणजे तिसऱ्या प्रकारातील वस्तूही कधी कधी मागणीमुळे पहिल्या प्रकारात येते. मागणी नोंदवायची असेल तर विंडोजची कळ आणि एफ एकत्र दाबावी. ‘फीडबॅक हब’ उघडते. तेथे आपल्यासारखीच मागणी कोणी केली असेल तर तिला आपले मत द्यावे. कारखान्यास कापडाचा दोष कळविल्याशिवाय पुढचा लॉट सुधारत नाही, तसेच हेही आहे.

बाहेरच्या प्रोग्रामपासून सावध

गेलेली सोय परत देणारे बाहेरचे प्रोग्राम असतात. त्यातील काही प्रामाणिक लोकांनी मेहनतीने बनविलेले असतात, हे मान्य केले पाहिजे. तरी पेढीच्या कॉम्प्युटरमध्ये ते घालण्यापूर्वी पुढील हकीकत लक्षात ठेवावी.

१९९५ च्या विंडोजपासून चालत आलेला स्टार्ट मेनू कंपनीने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मधून काढला. लोक नाराज झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत नुसते बटन परत आले आणि पुरा मेनू २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये आला. या काळात ‘क्लासिक शेल’ नावाचा मोफत प्रोग्राम फार लोकप्रिय झाला. तो जुना मेनू परत आणून देई. प्रोग्राम चांगला होता. पण ऑगस्ट २०१६ मध्ये तो जेथून उतरवून घेतला जाई, त्या वेबसाइटमध्ये घुसखोरांनी शिरकाव केला आणि त्याच्या जागी नासकी फाईल ठेवली. ज्यांनी ती चालविली, त्यांच्या डिस्कचा आरंभीचा भाग पुसला गेला आणि पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. कर्त्याचा यात दोष नव्हता; तरी नुकसान व्हायचे ते झालेच. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये कर्त्याने त्यावर काम करणे थांबविले, आणि इतर स्वयंसेवकांनी ते ‘ओपन-शेल’ या नावाने पुढे चालविले.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, माल चांगला असला तरी वाटेत बदलला जाऊ शकतो. दोन, बाहेरचा प्रोग्राम एका माणसाच्या सवडीवर चालत असेल तर तो केव्हाही थांबतो, आणि विंडोजचे पुढचे अपडेट आले की त्याचे गणित बिघडू शकते. ज्या कॉम्प्युटरमध्ये लोकांची देणी-घेणी लिहिलेली आहेत, तो प्रयोगासाठी नसतो. त्यात दुसऱ्याचा पैसा नोंदलेला असतो, म्हणून तो अमानतीप्रमाणे सांभाळावा. कोणी कारागीर ‘रजिस्ट्री’त बदल करून जुने सर्व आणून देतो म्हणाला, तर काय बदलले आणि ते परत कसे फिरवायचे, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. लिहून देत नसेल तर काम देऊ नये.

अपडेटपूर्वी आणि अपडेटनंतर

कापड कापण्यापूर्वी दोनदा मोजतात. तसेच मोठे अपडेट करण्यापूर्वी एवढे करावे :

१. हिशेबाच्या प्रोग्रामचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो काढून कपाटात ठेवावा. लावूनच ठेवलेला पेन ड्राइव्ह सुरक्षित नसतो. विंडोजचा ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवणे चांगले, पण त्यात आपल्या हिशेबाच्या फाईली जपल्या जात नाहीत, हे विसरू नये.

२. डेस्कटॉप आणि टास्कबारचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. नंतर काय गेले आणि काय आधीपासूनच नव्हते, याचा वाद राहत नाही.

३. रिटर्नची अखेरची तारीख किंवा सणाचा हंगाम जवळ असेल तर ‘विंडोज अपडेट’ मधील ‘पॉज’ वापरून अपडेट काही आठवडे पुढे ढकलावे. कायमचे बंद करू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

४. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर काम अजिबात जमत नसेल तर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ची सोय असते. ती साधारणपणे १० दिवसच टिकते. तेव्हा पहिल्या आठवड्यातच प्रिंटर, बिल, चलान आणि ई-वे बिल हे सर्व चालवून पाहावे.

शेवटी एवढेच सांगणे आहे की अपडेट म्हणजे संकट नाही आणि जुने ते सर्व सोने असेही नाही. परंतु ज्या सोयीवर आपल्या नोंदीची अचूकता अवलंबून आहे, ती हक्काने परत घ्यावी. उद्या दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत, टास्कबारवर नावे दिसतात की नाही ते पाहावे आणि नसतील तर वरील पाच पायऱ्या मुनीमजींना सोबत बसवून कराव्यात. त्यांनी एकदा स्वतःच्या हाताने केले की पुढच्या अपडेटला आपल्याला बोलवावे लागणार नाही.